दोघांची शीडहोडी : जोडी कधी बांधावी?

दोघांनी चालवायच्या शर्यतीच्या शीडहोडीत कामांची वाटणी आधीच ठरलेली असते. मागे बसणाऱ्याच्या हातात सुकाणू आणि बहुधा मोठ्या शिडाची दोरी असते. त्याला हेल्म म्हणतात. पुढे बसणारा तो क्रू. पुढचे लहान शीड, म्हणजे जिब, त्याच्याकडे असते आणि वारा पाठीशी घेऊन जाताना उघडायचे फुगीर स्पिनेकरही त्याच्याचकडे. वारा वाढला की तो कमरेच्या पट्ट्याचा हूक डोलकाठीवरून उतरलेल्या तारेत अडकवतो, होडीच्या काठावर पाय रोवतो आणि सगळे अंग पाण्यावर झोकून देतो. याला ट्रॅपीझ म्हणतात. वारा होडीला एका अंगावर कलवत असतो, क्रूचे वजन तिला सरळ धरते आणि सरळ राहिलेली होडीच वेगाने पळते.

मुलांसाठी होड्यांचा एक क्रम रुळला आहे. लहान मुले एकट्याने चालवायच्या, जेमतेम २.३ मीटर लांबीच्या ऑप्टिमिस्टवर हात बसवतात. या होडीच्या स्पर्धांना वयाची मर्यादा १५ वर्षांची. पुढे दुहेरीकडे वळणाऱ्यांसाठी ४२० ही होडी आहे. नावाप्रमाणे ती ४.२० मीटर लांब असून तिचा आराखडा फ्रान्समधला. तिच्याहून मोठी ४७० ही १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. ट्वेंटीनायनर आणि फोर्टीनायनर या अधिक चपळ, त्यांतली फोर्टीनायनर २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून खेळवली जाते. भारतात मात्र दुहेरीचे पहिले धडे अनेकांनी निळ्या शिडांच्या एंटरप्राइजवर गिरवले. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली ही होडी नौदलात, एनसीसीत आणि क्लबांमध्ये दीर्घकाळ वापरली गेली.

या खेळात प्रशिक्षकांना आणि पालकांना पडणारा पहिला अवघड प्रश्न जोडीचा. मूल आधी एकट्याच्या होडीत पक्के व्हावे आणि मग जोडीदार मिळावा, की लहानपणीच दोघांची गाठ घालून त्यांना एकत्र वाढवावे? मुंबई बंदरापासून दूर राहणाऱ्यांना हा प्रश्न जास्त बोचतो. पनवेल तालुक्यातले विचुंबे हे असेच गाव. नवीन पनवेलला लागून, गाढी नदीच्या काठी वसलेले. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी ही नदी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. एके काळी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरून घाटाची वाट धरत असे. पण शर्यतीच्या शीडहोडीला लागणारे मोकळे, खोल पाणी विचुंब्याजवळ नाही. त्यासाठी कुलाबा गाठावा लागतो. १८४६ मध्ये स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब आणि नौदलाची व लष्कराची शीडनौका केंद्रे त्याच किनाऱ्यावर आहेत. पनवेलहून हार्बर लाइनने सीएसएमटीलाच सुमारे ८० मिनिटे लागतात. घरापासून धक्क्यापर्यंत आणि परत असे साडेतीन-चार तास प्रवासातच जातात.

पुढचा संवाद विचुंब्यात राहणाऱ्या दोघांच्या भूमिकांचा आहे. एक भूमिका नौदलातून निवृत्त झालेल्या काकांची. होडीत आयुष्य गेलेल्या या माणसाला जोडी लवकर बांधावी असे वाटते. दुसरी शाळेतल्या क्रीडाशिक्षिकेची. तिला मुले जवळून ठाऊक आहेत आणि त्यांची घरेही.

काका आपली बाजू उलटलेल्या होडीपासून मांडतात. “होडी उलटली की कळतं मॅडम, जोडी आहे की नुसती दोन मुलं आहेत. त्या वेळी विचारायला कुणाला वेळ नसतो.”

त्यांचे म्हणणे समजायला तो प्रसंग क्रमाने पाहावा लागतो. ४२० उलटली की दोन्ही शिडे पाण्यावर पसरतात. दोघे आधी एकमेकांना हाक मारतात, कारण कुणी शिडाखाली किंवा दोरीत अडकले आहे का, हे सर्वांत आधी कळायला हवे. मग हेल्म मागच्या बाजूने वळसा घालून तळाकडे जातो आणि बाहेर आलेली उभी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, धरतो. क्रू आतल्या अंगालाच तरंगत राहतो आणि जिबची दोरी होडीवरून पलीकडे फेकतो. हेल्म सेंटरबोर्डवर चढतो, ती दोरी धरतो आणि सगळा भार मागे टाकतो. डोलकाठी पाण्यातून सुटून वर येऊ लागते, तसा आडवा तरंगणारा क्रू होडीबरोबर आपोआप आत उचलला जातो. त्याचे वजन आत असल्यामुळे होडी सरळ होऊन पलीकडे पुन्हा कोसळत नाही. शेवटी क्रू हेल्मला खांद्याच्या पट्ट्याला धरून आत ओढतो. सरावलेली जोडी हे सारे एका श्वासात करते. नवखी जोडी मात्र दोघेही एकाच बाजूला जाऊन बसते आणि होडी तशीच आडवी राहते.

“हे मी नाकारत नाही काका,” शिक्षिका म्हणते. “पण हे कोणत्याही दोन मुलांना शिकवता येतं. ठरलेलीच दोघं कशाला हवीत? आणि ज्याला एकट्याला होडी सरळ करता येत नाही, तो दुसऱ्याच्या भरवशावर बसेल. माझ्या अनुभवात मुलांच्या जोडीत एक जण नेहमी जास्त बोलतो आणि दुसरा गप्प राहून शिकायचं सोडून देतो.”

शिक्षिकेचा हा मुद्दा खरा आहे आणि दुहेरीच्या प्रशिक्षणात त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. एकट्याच्या होडीत वारा, शीड, सुकाणू आणि शरीराचा तोल यांचा संबंध मुलाला स्वतःच्या अंगावर समजतो. चूक झाली की होडी थांबते आणि कारण शोधायला दुसरे कुणी नसते. दुहेरीत चूक दोघांत वाटली जाते, म्हणून ती कुणाचीच राहत नाही.

काकांचे उत्तर टॅकिंगवर आहे. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जाऊ शकत नाही. ती नागमोडी जाते आणि प्रत्येक वळणावर शिडे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घ्यावी लागतात. दुहेरीत क्रू ट्रॅपीझवरून आत येतो, हूक सोडतो, जुनी दोरी सोडून नवी ओढतो, डोके वाकवून पलीकडे जातो, नवा हूक अडकवतो आणि पुन्हा बाहेर पडतो. हेल्मने त्याच लयीत सुकाणू वळवायचे असते. तो घाईने वळला तर क्रू अजून आतच असतो आणि होडी कलंडते. तो उशिरा वळला तर होडी वाऱ्याच्या तोंडावर उभी राहते. “ही लय बोलून येत नाही,” काका म्हणतात. “एकाचा खांदा हलला की दुसऱ्याला कळलं पाहिजे. त्याला वर्षं लागतात मॅडम, आणि ती वर्षं लहानपणीच हाताशी असतात.”

“लहानपणीच मुलं वाढतातही,” शिक्षिकेचे उत्तर तयार असते. “तेराव्या वर्षी दोघं चाळीस-चाळीस किलोची. सोळाव्या वर्षी एक सत्तरीला पोचतो आणि दुसरा पन्नाशीतच राहतो. मग कोण पुढे बसणार? वर दहावी. एकाच्या घरच्यांनी वर्षभर होडी बंद केली की दुसऱ्याचंही वर्ष गेलं. एकट्याच्या होडीत निदान दुसऱ्याच्या परीक्षेमुळे कुणी घरी बसत नाही.”

वजनाचा हा हिशेब या वर्गाच्या होड्यांत अगदी काटेकोर आहे. ४२० मध्ये दोघांचे मिळून साधारण ११० ते १४० किलो वजन जमते. हलक्या जोडीला जोराच्या वाऱ्यात होडी सरळ धरता येत नाही आणि जड जोडी मंद वाऱ्यात मागे पडते. क्रू उंच असला तर तारेवर लटकताना त्याचे वजन होडीपासून दूर जाते आणि तोल अधिक मिळतो, म्हणून बहुधा उंच मूल पुढे आणि हलके मूल मागे बसते. बाराव्या वर्षी हेल्म म्हणून तयार केलेला मुलगा सोळाव्या वर्षी सहा फुटी झाला, तर त्याची जागा बदलते आणि जोडीचा पायाच हलतो.

भारतीय दुहेरीचा इतिहास पाहिला तर दोघांनाही आपापल्या बाजूचे दाखले सापडतात. काका के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर यांचे नाव घेतात. चेन्नईचे हे दोघे तरुणपणापासून एकत्र फोर्टीनायनर चालवत आले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ते १७ व्या स्थानी राहिले. त्याआधी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मालव श्रॉफ आणि सुमीत पटेल ही जोडी याच प्रकारात उतरली होती.

शिक्षिका त्याच जकार्ता स्पर्धेतला दुसरा निकाल पुढे करते. फोर्टीनायनरच्या स्त्रियांसाठीच्या एफएक्स प्रकारात वर्षा गौतम आणि मुंबईची श्वेता शेरवेगार यांनी रौप्यपदक जिंकले. त्याच्या चार वर्षे आधी, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत, वर्षाने ट्वेंटीनायनरमध्ये कांस्य मिळवले तेव्हा तिची जोडीदार ऐश्वर्या नेदुन्चेळियन होती. जोडीदार बदलली, होडी बदलली आणि पदकाचा रंग वर गेला. फारुख तारापोर यांचा दाखला तर याहून बोलका आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतल्या शीडनौकांच्या शर्यती मुंबईत झाल्या. त्यांत तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दुहेरी होडीच्या प्रकारात सुवर्ण जिंकले. त्यानंतर तारापोर सलग तीन ऑलिंपिकमध्ये ४७० घेऊन उतरले आणि तिन्ही वेळा क्रू वेगळा होता. १९८४ मध्ये ध्रुव भंडारी, १९८८ मध्ये केली राव, १९९२ मध्ये सायरस कामा.

एकट्याच्या होडीचा हिशेब शिक्षिका स्वतंत्रपणे मांडते. विष्णू सरवणन मुंबईतल्या लष्कराच्या केंद्रातून तयार झाला. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, त्याने कांस्य आणि भोपाळच्या केंद्रात घडलेल्या नेहा ठाकूरने रौप्य मिळवले, दोन्ही एकट्याच्या होडीत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विष्णू आणि नेत्रा कुमानन हे दोघेच भारताकडून उतरले, तेही एकट्याच्याच होडीत. दुहेरीत भारताची एकही होडी पॅरिसला नव्हती.

काका ही वस्तुस्थिती मान्य करतात, पण तिचा अर्थ वेगळा लावतात. “दुहेरीत आपण नाही, कारण आपण जोड्या बांधतच नाही. क्रू म्हणजे हेल्मचा मदतनीस असं समजतो. फोर्टीनायनरमध्ये वाऱ्याच्या तोंडावर जाताना मोठ्या शिडाची दोरी क्रूच्या हातात असते. म्हणजे होडीचं इंजिनच त्याच्याकडे. मागचा तो साहेब आणि पुढचा तो नोकर, हे डोक्यातून जाईपर्यंत जोडी होत नाही.”

मुंबई बंदरातले पाणी आणि वारा या वादाला आपले वजन देतात. ऑक्टोबर ते मे हा इथला हंगाम. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो आणि मधल्या वेळात पाणी बऱ्याचदा निपचित पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरहून अधिक होतो आणि अर्ध्या ओहोटीला प्रवाह इतका जोर धरतो की मंद वाऱ्यातली होडी पुढे जात असल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात मागे वाहते. खोल वाटेवर प्रवाह जास्त, कडेच्या उथळ पाण्यात कमी, म्हणून जाणती जोडी कडेने चढते. पनवेल-उरणकडच्या आगरी-कोळी घरांत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब जुना आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. विचुंब्यातल्या मुलाला हा हिशेब आजोबांकडून मिळाला असेल, तर कुलाब्याच्या पाण्यात तो फार उपयोगी पडतो.

“हे पाणी वाचायला एकट्यानं शिकावं लागतं,” शिक्षिका म्हणते.

“आणि दोघांनी मिळून वाचावं लागतं,” काका म्हणतात. “हेल्मची नजर जिबच्या कडेवर असते. बाहेरचं सगळं क्रू बघतो.”

व्यवहारात असेच चालते. पाण्यावर काळसर पट्टा दिसला की क्रू मोजतो, “झोत येतोय, तीन, दोन, एक.” हेल्म त्या क्षणी शीड थोडे सोडतो आणि क्रू तारेवर आणखी ताणून बाहेर पडतो. समोरून येणाऱ्या होड्या, पुढची खूण किती लांब आहे, मांडव्याकडे निघालेल्या लाँचची लाट कधी पोचेल, हे सारे क्रू सांगत राहतो. ज्या होडीत क्रू गप्प असतो, ती निम्म्या डोळ्यांनी धावते.

शर्यतीची सुरुवात ही जोडीची खरी परीक्षा. पाच मिनिटे आधी वर्गाचा झेंडा वर जातो, चार मिनिटांवर तयारीचा झेंडा, एक मिनिटावर तो उतरतो आणि शून्यावर सुरुवात. या पाच मिनिटांत सगळ्या होड्या एका रेषेमागे घोटाळतात. डाव्या बाजूने वारा घेणारी होडी उजव्या बाजूने वारा घेणारीला वाट देते, हा पहिला नियम. क्रू घड्याळ मोजतो, हेल्म जागा राखतो. रेषा आधी ओलांडली तर मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. गुण उलटे मोजतात. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि मालिकेच्या शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. पुरेशा शर्यती झाल्या तर सर्वांत वाईट निकाल वगळला जातो. म्हणजे एक फसलेली सुरुवात मालिका संपवत नाही, पण त्या फसलेल्या सुरुवातीवरून होडीत झालेले भांडण ती संपवू शकते. चांगले प्रशिक्षक यावर एक साधी शिस्त लावतात. पाण्यात फक्त पुढच्या कामाचे बोलायचे. किनाऱ्यावर आल्यावर प्रत्येकाने आधी स्वतःची चूक सांगायची आणि मग दुसऱ्याची.

पॅरिसपासून ऑलिंपिकमधली ४७० मिश्र झाली. होडीत एक स्त्री आणि एक पुरुष असतो आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्येही हा प्रकार तसाच आहे. इथे काका आणि शिक्षिका यांच्या भूमिका अनपेक्षितपणे उलटतात. काका बिचकतात. “विचुंब्यातून मुलगी पहाटे साडेपाचला निघणार, एका मुलाबरोबर, हे घरी कसं पटवणार?” आणि शिक्षिका, जी आतापर्यंत जोडीला विरोध करत होती, इथे ठामपणे जोडीच्या बाजूने उभी राहते. “हलकी मुलगी मागे आणि उंच मुलगा पुढे, किंवा उलटही. मुलींसाठी दारं उघडली असताना आपण ती घरातून बंद करायची नाहीत काका. घरच्यांना होडीपेक्षा प्रवासाची काळजी असते. प्रवासाची सोय केली की होडीला कुणी नाही म्हणत नाही.”

वादाचे उत्तर याच प्रवासाच्या सोयीत दडलेले आहे. विचुंब्याहून दोनच मुले निघाली तर एकाच्या तापाने, परीक्षेने किंवा घरच्या लग्नाने दोघांचा दिवस जातो. चार मुले निघाली तर प्रश्नाचे स्वरूपच बदलते. चौघांतून सहा जोड्या होतात आणि जागांची अदलाबदल धरली तर बारा. कुणी एक आले नाही तरी एक होडी पाण्यात उतरतेच आणि तिसऱ्याला एकट्याच्या होडीत बसवता येते. चौघांना एक गाडी आणि सोबत एक मोठा माणूस पुरतो. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून रस्त्याने दक्षिण मुंबई जवळ आली आहे आणि टोलचा खर्च चार घरांत वाटला जातो.

म्हणून काकांची आणि शिक्षिकेची मते एकमेकांविरुद्ध असली तरी ती वेगवेगळ्या वयांना लागू पडतात. अकरा ते तेरा या वयात मुलाने मुख्यतः एकट्याची होडी चालवावी, पण आठवड्यातला एक दिवस दुहेरीत काढावा, कधी पुढे, कधी मागे. तेरा ते पंधरा या काळात दुहेरीवर भर द्यावा आणि जोडीदार मुद्दाम बदलत ठेवावा. मुले कशी वाढतील, हे या वयात कुणालाच सांगता येत नाही. पंधरा-सोळाला उंची आणि वजन बरेचसे स्थिरावल्यावर जोडी ठरवावी आणि एकदा ठरवली की निदान दोन हंगाम मोडू नये. काकांना हवी असलेली लय या दोन हंगामांत येते, कारण तोवर प्रत्येक मुलाला बाकीच्या तिघांबरोबर वळण्याची सवय झालेली असते. दहावीच्या वर्षी पाणी पूर्ण सोडण्याऐवजी महिन्यातले दोन रविवार ठेवावेत. पूर्ण थांबलेले मूल परत येणे अवघड असते.

दोघांची लय बाराव्या वर्षीच बांधली पाहिजे, हा काकांचा आग्रह टिकत नाही. वजनाचा हिशेब त्याला हरवतो. पण क्रू हा निम्मी होडी चालवतो, हे त्यांचे म्हणणे पूर्ण खरे आहे, आणि दुहेरीचे प्रशिक्षण तिथूनच सुरू झाले पाहिजे. एकट्याची होडी आधी, हे शिक्षिकेचे म्हणणेही योग्य आहे. मात्र मूल एकट्याच्याच होडीत पंधरा वर्षांचे झाले, तर दुसऱ्यासाठी बोलत राहण्याची सवय त्याला नंतर लावणे कठीण जाते.

विचुंब्यातल्या आणि आसपासच्या ज्या घरांत सहावी-सातवीतली मुले आहेत, त्यांनी आधी अशी आणखी तीन घरे शोधावीत. एनसीसीची नौदल शाखा असलेली शाळा किंवा कॉलेज आवाक्यात असेल तर तिथे चौकशी करावी. पावसाळ्यात बंदर शर्यतींसाठी बंद असते. त्या चार महिन्यांत मुलांना पोहण्यात पक्के करावे आणि लाइफ जॅकेट घालून खोल पाण्यात न घाबरता तरंगायला शिकवावे. ऑक्टोबरमध्ये हंगाम उघडेल, तेव्हा त्या चौघांना एकदमच कुलाब्याला न्यावे.